समासिक अंतर

खवणेकरांच्या जोत्यावर पोचलो तेव्हा पावणेअकरा झालेले.
फाईल दोनशे सतरा, दोन ठिकाणी दोरी,
आत सातबारा, नकाशा, हिस्सेदारांच्या सह्या,
आणि कुणीतरी उगाच जोडलेला अग्निशमनाचा दाखला.
माझ्याकडे तीस मीटरची टेप.
बाबल शिपायाने शून्य धरायचं, मी आकडा वाचायचा,
अकरा वर्षं आमची हीच वाटणी.

चिरा नुकता तासलेला, लाल, बोटाला लागणारा.
गवंड्याने ओळंबा सोडला, माझ्याकडे पाहिलं नाही.
ज्याचं काम सरळ असतं तो तपासनिसाकडे बघत नाही,
हे कुणी शिकवलं नव्हतं, कळत गेलं.

पुढे तीन मीटर. बरोबर.
उत्तरेला दीड. बरोबर.
दक्षिणेला सव्वा, पण तिथे चुलत दिराचा गडगा आत सरकलाय,
म्हणजे चूक गडग्याची, जोत्याची नाही.
तसं लिहायला रकाना नाही.
शाळेत गुरुजी म्हणत, समास सोडून लिहा,
समास माझा, तुमचा नाही.
नगरपरिषद तेच म्हणते, फक्त आधी चलन भरून घेते.

मग पश्चिम.
मंजूर नकाशात भरतीरेषा एकशे चार मीटरवर.
हवेत शंभर.
टेप चारदा टाकली,
सुरूच्या मुळांवरून, वाळत घातलेल्या जाळ्यावरून,
एका उलट्या होडीला वळसा घालून.
ब्याण्णव.
पुन्हा टाकली. ब्याण्णव आणि वीतभर.

नकाशावर रेषेच्या खुणेला एक माड काढलाय,
छोटी फुली, शेजारी सुबक अक्षरात 'माड'.
"तो कुठे?"
सत्यभामाबाईंनी घमेलं खाली ठेवलं.
"तो गेलो. गेल्या भादव्यात.
तुमी कागद घेतलात तेवा होतो उभो."

अर्ज आवक झाला तो फणसाच्या दिवसांत, तीन वर्षांमागे.
मग त्रुटी एक. त्रुटी दोन.
एका हिस्सेदाराची सही ठाण्याहून यायची होती,
मोजणी खात्यात सात महिने,
आणि माझ्याकडे एक अख्खा पावसाळा,
खाली पाणी येतं म्हणून कपाटावर ठेवलेली,
मग कपाटावरच राहिलेली.
तेवढ्या काळात समुद्राने कसला अर्ज केला नाही.
रोज दोनदा येऊन पाहणी करून गेला.

"आता काय लिवतलात?"
मी पेनाचं टोपण शोधत राहिलो. ते पेनालाच होतं.
"आधी च्या घेवा," त्या म्हणाल्या.

कुडाळ रस्त्यावरच्या माझ्या घराला भोगवट्याचा दाखला नाही.
जिन्यावरचं छप्पर दोन फूट पुढे आलंय, मीच आणलं.
दोन मुली त्याच घरात चालायला शिकल्या.
भोगवटा. कुणी काढला असेल हा शब्द?
भोगतो आम्ही रोज,
वटत तेवढं नाही.

चहात आलं जास्त होतं.
मी अहवालात लिहिलं:
भरतीच्या पाण्यामुळे वाचन संदिग्ध,
फेरमोजणी ओहोटीच्या वेळी घ्यावी.

भरतीरेषा ओहोटीला मोजत नाहीत.
मला ठाऊक आहे, मुख्याधिकाऱ्यांना ठाऊक आहे,
बाबललासुद्धा, तो खालच्या मानेने टेप गुंडाळत होता.
म्हणजे फाईल पुन्हा कपाटावर,
म्हणजे पुन्हा एक पावसाळा.
ज्या उशिराने त्यांचं बिघडवलं
तोच आणखी थोडा दिला मी त्यांना,
माझ्या हातात द्यायला तेवढाच होता.

"पुढचा थर लावू काय?" गवंड्याने विचारलं.
मी पाठमोरा होतो. ऐकू आलं नाही असं चाललो.
मागे थापीचा आवाज सुरू झाला.

संध्याकाळी बाबलने विहिरीच्या गोड्या पाण्यात टेप धुतली,
नाहीतर गंजते.
दोनच्या आकड्यापाशी वाळू बसलेली,
चौथ्या खेपेचा तो दोन.
नखाने काढली त्याने, बरीचशी.