रात्री ऐकू येतं ते

ताक्वारेम्बोहून बसने दोन तास, पुढे मातीचा रस्ता,
ओढा भरला की तोही नाही.
शाळेत मुलं नऊ, शिक्षिका मी एकटी,
आणि तारेच्या कुंपणापलीकडे मेंढ्या,
त्यांची हजेरी तेवढी मला घ्यावी लागत नाही.

पांढरे डगले, गळ्याशी निळे बो,
समोर सरकारने दिलेले लॅपटॉप,
एकाची कळ निखळलेली, तिथे च्युइंगम.
फळ्यावर मी विषय लिहिला: रात्री ऐकू येतं ते.
सगळ्यांनी एकाच पानावर लिहायचं, एकाच वेळी.

साखरेच्या डब्याचं झाकण राहावं
तसं झालं पान.
नऊ रंगांच्या नऊ रेघा, इकडून तिकडे.
“माझ्या ओळीत घुसू नका!” लुआना ओरडली,
वर्गात जी बाकावर एकटीच बसते.

नाऊएलचं घुबड तीन मिनिटं जगलं.
देल्फिनाने ते पुसून तिथे बेडूक बसवला,
कारण तिच्या घरी घुबड ऐकू येत नाही.
“माएस्त्रा, माझं घुबड मेलं.”
मी त्याला उलट्या बाणाची कळ दाखवली.
घुबड परत आलं, बेडूक गेला,
आता देल्फिना रडायला लागली.
मग आवाज चढले, उतरले, आणि ठरलं
(मी काहीच ठरवलं नाही):
आधी घुबड, मग बेडूक,
ओढा भरलेला असेल तर उलट.

आदेमारची हिरवी रेघ मात्र
पानाच्या तळाशी एका जागी लुकलुकत होती.
तास संपला. त्याच्या नावावर अक्षर नाही.
आळशीपणा, मी वहीत लिहिलं.

संध्याकाळी येर्बाचं कडू पाणी ओढत
पानाच्या मागच्या आवृत्त्या उघडल्या.
पान काही विसरत नाही,
हे मी मुलांना सांगितलेलं नाही.

दहा चौदा: आई
दहा पंधरा: कोरं
दहा सतरा: आईची मोटरसायकल
दहा अठरा: आईची मोटरसायकल येत
दहा एकोणीस: कोरं
दहा सव्वीस: काही नाही ऐकू येत
आणि दहा तीसला तेही खोडलेलं.

खोडलेलं हे खोडणाऱ्याचंच असतं ना?
दुसऱ्याचं पत्र दिव्याला धरून वाचावं
तशी मी बसले होते.
लॅपटॉप मिटला.
वहीतला तो शब्द खोडला, शाईने, गिरवून गिरवून,
तरी मागच्या पानावर उमटलाच.

सकाळी मी त्याला काही म्हणाले नाही.
यादीच्या शेवटी नऊचा आकडा टाकला,
पुढे टिंब, पुढे जागा.
मंगळवारी कुणी तिकडे फिरकलं नाही.
बुधवारी वारा होता, सिग्नल गेला,
आम्ही पाढे म्हटले.

गुरुवारी हिरवी रेघ हलली.
फ्रिज. तो बंद पडतो तेव्हा जास्त.

देल्फिनाची जांभळी रेघ
सरळ तिकडेच निघाली.
मी खुर्चीतून अर्धी उठले.
तिने काही पुसलं नाही.
फ्रिजला आमच्याकडे जो शब्द आहे
त्याच्या सुरुवातीला एक अक्षर असतं,
लिहायचं, पण बोलायचं नाही.
आदेमार ते विसरला होता.
तेवढं तिने लावलं.

त्याने मान वर केली नाही.
नुसता आपला लॅपटॉप थोडा तिच्याकडे वळवला,
जे तिच्याही पडद्यावर होतंच,
ते दाखवायला.