दोन फेऱ्यांच्या मध्ये

उदगीरची बस पहाटे कळंबोलीच्या पुलाखाली
मला टाकून गेली तेव्हा
हिराजी घरत स्कूटरवर बसल्या बसल्या झोपला होता,
हेल्मेट मांडीवर, तोंड उघडं.
चाकणच्या खोलीतही तो असाच झोपायचा,
भिंतीला टेकून, पगाराच्या दिवशीसुद्धा.

“चल,” म्हणाला, “आज गाड्या बघू.”
अकरा वर्षांनी भेटलेला माणूस
आधी घरी नेतो. पण ठीक.
मागे मी, माझ्या मांडीवर बॅग,
बॅगेत त्याच्या बायकोसाठी आणलेली तुरीची डाळ.

उलव्याच्या टोकाला एक रिकामं कंटेनर यार्ड.
सिमेंटच्या भेगांतून उगवलेलं खारं गवत,
पलीकडे खाडी, ओहोटीची.
नारिंगी शंकूंनी आखलेली वाट,
दोन वळणं सोपी, तिसरं खोडसाळ.
“शर्यत पुढच्या रविवारी,” हिराजी म्हणाला,
“आज नुसता सराव. तिकीट नाय, गर्दी नाय.”
पुढच्या रविवारी मी मोंढ्यात
पोती मोजत असेन.

पिवळी एस्टीम.
माझ्या लग्नात सासऱ्यांनी भाड्याने आणली होती तशीच,
फक्त हिला मागची सीट नाही, दारांना अस्तर नाही,
आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा
आणि पिंजऱ्यात नेरूळची दातांची डॉक्टर, रेनी कुरियन.
हिराजी तिच्या टायरची हवा बघतो,
अंगठ्याने, मग मापाने, मग पुन्हा अंगठ्याने.
“थंड असतानाच बघायची,” मला सांगतो,
“गरम टायर खोटं बोलतो.”

एका फेरीला एकोणपन्नास सेकंद.
त्यातले वीस कानठळ्यांचे.
उरलेल्या एकोणतिसांत आम्ही बोललो.

“आई?”
“गेली. दोन वर्षं झाली, त्या दिवशी मी—”
गाडी.
“तुझा पोरगा?”
“दहावीला. गणितात जरा—”
गाडी.
“तू ते दुकान टाकणार होतास ना—”
गाडी, धूर, आणि जळक्या रबराचा वास
वाक्याच्या उरलेल्या जागेत येऊन बसायचा.

तिसऱ्या वळणावर डॉक्टरीणबाई दर वेळी
शेवटचा शंकू पाडायच्या.
दर वेळी मोठ्या माणसाचा टीशर्ट घातलेला एक पोरगा
धावत जाऊन तो उभा करायचा,
बरोबर खडूच्या गोलात.
नऊ वेळा मोजलं मी.
दहाव्या वेळी शंकू डुलला, फार वेळ डुलला,
आणि राहिला.
पोरगा अर्ध्या वाटेत थांबला.
हातांना काही काम उरलं नाही म्हणून
त्याने टाळ्या वाजवल्या.

दुपारी भुर्जीपाव, तापलेल्या बॉनेटवर कागद पसरून.
तेव्हा शांतता होती, तासभर,
आणि आम्ही दोघं फक्त टायरविषयी बोललो.

ऊन कलताना दोन गाड्या एकदम सोडल्या.
त्याच वेळी हिराजी वळून मला काहीतरी म्हणाला.
लांबलचक. ओठ हलत राहिले,
हात एकदा खाडीकडे गेला, एकदा स्वतःच्या गळ्याशी.
मी मान डोलावली. हो म्हणालो. दोनदा.
गाड्या गेल्यावर विचारायला हवं होतं.
पण तो हसला होता, ओझं खाली ठेवल्यासारखा,
आणि मला वाटलं, आता विचारलं
तर त्याला ते पुन्हा उचलावं लागेल.

रात्री त्याच पुलाखाली त्याने मला बसमध्ये चढवलं,
हातात सुक्या जवळ्याची पुडी दिली,
बस सुटेपर्यंत थांबला नाही.

लोणावळ्याच्या पुढे पाण्याची बाटली शोधताना
हाताला डाळ लागली.
आम्ही त्याच्या घरी गेलोच नव्हतो.
त्याने नेलं नाही, मी म्हटलं नाही,
दिवसभरात एकदाही वहिनींचं नाव निघालं नाही.
कानात अजून तिसरं वळण घोंगावत होतं.
कशाला हो म्हणालो मी?

फोन काढला. नंबर बघत बसलो.
मग ठेवला.
सकाळी लावीन, थंड असताना.