गुरुवारचे पाव वॅट

पाषाणच्या तळघरात
पॅलेडियमची एक तार हायड्रोजन पिते
आणि दिल्यापेक्षा जास्त ऊब परत करते.
पाव वॅट. एवढंच.
देवघरातला लाल बल्बही पेटणार नाही त्यावर,
पण सोनटक्के सरांचा चेहरा पेटला.
त्यांनी फळ्यावर सूर्य काढला. छोटासा, कोपऱ्यात.

मी म्हटलं, सर, आधी घरातले चोर बघू.

वायू शिरताना धातू फुगतो, जाळी ताणते,
तेव्हाही थोडी ऊब सांडते.
ही आजची कमाई, की फेब्रुवारीतली उधारी?
आणि बुडबुड्यांतले ते दोघे,
हायड्रोजन, ऑक्सिजन:
आमच्या हिशेबात कधीच गाव सोडून गेलेले,
प्रत्यक्षात जिन्याखाली भेटून
पुन्हा पाणी होत असतील तर?

दस्तगीर मुजावर, ज्यानं पेला फुंकला,
दारात उभा राहून म्हणाला,
तुमची ढवळणी अडकते मधूनमधून.
न ढवळता चहा गोड नाही म्हणू नये माणसानं.
खरंच. वर एकतीस, तळाला सत्तावीस.
एका पेल्यात दोन गावं.

ते दुरुस्त केलं.
पाव वॅट तसंच.

मग एका रात्री वही उलटी चाळताना दिसलं:
दहा मार्च, सतरा मार्च, चोवीस, एकतीस.
सगळे गुरुवार.
अणूला वार कळतो?

दस्तगीर हातातली नळी न ठेवताच म्हणाला,
मॅडम, गुरुवारी पाणी बंद असतं.

गच्चीवरची काळी टाकी. दिवसभराचं ऊन.
नळ बंद, म्हणून तेच तापलेलं पाणी
आमच्या नळीत. आणि आत येणाऱ्या पाण्याचं तापमान
आम्ही सकाळी नवाला एकदाच लिहायचो.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, म्हणजे महापालिका.
आणि बाहेर जाऊन
रिकाम्या कॅन्टीनच्या बाकावर बसले.

टाकीचं ऊन वजा केलं. ढवळणी वजा.
जिन्याखालचे दोघे वजा.
उरलं दोन शतांश.
आमची चूकच तीन शतांशांची.

तरी त्या रात्री मी ते पुन्हा मोजलं.
तीनदा.
कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी पहाटे नळानं खाकरून हवा टाकली,
मग गढूळ, मग स्वच्छ.
फळ्यावरचा सूर्य अजून आहे.
पुसायला गेले की कुणीतरी म्हणतं, राहू दे,
आणि ते कुणीतरी कधी दस्तगीर असतो,
कधी मी.