तिसावी बाटली

कशी नको, ते आधी सांगतो.
हिरवी नको. पांढऱ्या काचेची तर मुळीच नको,
उजेड आत शिरला की बिअर नासते,
ओल्या मोज्यांसारखा वास मारते.
पिळून उघडायच्या झाकणाची नको,
तिचे ओठ पातळ, बूच ठोकताना टवका उडतो.
तपकिरी हवी, जाड, पाऊण लिटरची,
गळ्यावरून बोट फिरवलं तर
बोट सुखरूप परत यायला हवं.

अशी आता दुकानात सहसा मिळत नाही.
म्हणून शनिवारच्या सामन्यानंतर
रविवारी सकाळी मी क्लबाच्या मागच्या बाजूला असतो.
आमच्या गावात फुटबॉलचं मैदान खडीचं.
खाणीच्या धुराने डोंगर बोडके केले तेव्हापासून
इथे गवताने कधी जीव धरला नाही.
पोरं गुडघे सोलून घरी जातात,
मी गोणी घेऊन येतो.
पाच मिळाल्या.
एकीत सिगारेटची थोटकं, एकीत गोगलगाय,
जिवंत. तिला भिंतीवर सोडली.

कचरा डेपोवरच्या दुकानात ब्रेट म्हणाला,
सात आहेत, फुकट ने, पण त्यांत टर्पेंटाइन होतं.
तिथेच ठेवल्या.
काच सगळं विसरते म्हणतात.
टर्पेंटाइन नाही विसरत.

मग ऊना ट्रिफिटचा निरोप :
लेसच्या आहेत घराखाली, घेऊन जा,
भरल्यावर सहा परत दे.
तस्मानियातली जुनी घरं लाकडी खुंटांवर उभी असतात,
खाली माणूस रांगतच जातो.
रांगलो. तोंडात टॉर्च.
चोवीस बाटल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या,
कोळ्यांनी शिवून टाकलेल्या.

रात्रभर बाथटबमध्ये, गरम पाणी, धुण्याचा सोडा.
सकाळी लेबलांनी आपापली कात टाकलेली,
उरलेला डिंक नखाने.
तळाशी यीस्टचं राखाडी वर्तुळ,
ते ब्रशला दाद देत नाही,
मूठभर तांदूळ टाकून खुळखुळवायचं.
मग एक डोळा मिटून
तोंडातून आत बघायचं, दिव्यावर धरून :
एक तपकिरी विहीर, तिच्या तळाला बल्ब.
बल्ब स्वच्छ दिसला तर पुढची.

पिंपात साडेबावीस लिटर.
तीस लागतात. एकोणतीस झाल्या.
हे मी ऊनाला उगाच सांगितलं,
हिशोब तोंडातून निसटतो तसं.

संध्याकाळी ती दारात. पावसाचा कोट,
कोटाखाली तिसावी. भरलेली.
बुचावर काळ्या शाईत लेसचं अक्षर :
घाण नंबर ३१. चांगली.
बाकीच्या त्याला पुरल्या त्या दिवशी संपल्या, म्हणाली,
ही मी बाजूला ठेवली होती,
कशासाठी ते आता आठवत नाही.

मी म्हटलं, राहू दे, दुसरी शोधतो.
तिने माझ्याच ओपनरने उघडली.
आवाज आला. अकरा वर्षांनी,
बारीकसा, कुणी नाकाने हसावं तसा.
दोन पेल्यांत दोन बोटं ओतली.
आंबटसर, मनुकांची चव, शेवटी थोडा गंज.
साखर नेहमी जास्तच घालायचा, ती म्हणाली,
आणि उरलेली सिंकमध्ये ओतली,
सावकाश, तळाचा गाळ ढवळू न देता,
जशी पेल्यात ओततात.

दे, मी धुतो, म्हटलं.
ब्रश दे, म्हणाली.
तीनदा विसळली. दिव्यावर धरली.
परत विसळली.
मग इतरांमध्ये उपडी करून ठेवली
आणि पुसायला फडकं मागितलं, हातांना.

ओट्यावर तीस बाटल्या निथळत होत्या.
कोट घालताना दारातून म्हणाली,
सहा नको, चार पुरे,
मला कुठे आता एवढी जाते.
बूच मात्र तिने नेलं.