खालचा आवाज

शब्द माझ्या वाट्याला कधी आले नाहीत.
शब्द लाझरसकडे,
मिशनच्या शाळेनं त्याला तोंड उघडायला शिकवलं होतं.
वरची तार बशीरची, तुटेल तुटेल म्हणताना न तुटणारी.
मधलं सांभाळायला निवृत्ती खरात,
आणि सगळ्यांच्या बुडाशी मी, मुंजाजी,
जिनिंगमधला हमाल:
धुम्म, धुम्म, धुबा.

रुईची गाठ दाबताना प्रेस जे म्हणायची
तेच मी सुट्टी झाल्यावर
घशात घालून आणायचो लोखंडी पुलाखाली.
कुंडलिका तव्हा आठ महिने कोरडी,
आणि पुलाखाली घुमायचं असं
की चौघांचे चाळीस व्हायचे.
पेटी नाही, तबला नाही.
पैसे नव्हते, एवढंच कारण.
पुढं एकानं पेपरात त्याला आमची शैली म्हटलं.

नाव मात्र फौजदारानं ठेवलं.
"उठवा रे ही कुंडलिकेची चौकडी!"
आम्ही उठलो,
आणि तेच नाव रंगवून घेतलं
साखरेच्या पोत्याच्या उलट्या बाजूवर.

छोट्या लाईनच्या गाडीनं हैदराबादला गेलो,
रात्रभर बशीर तोंडाला मफलर बांधून, मुका.
खोलीत एकच माईक.
साहेब म्हणाला, तुम्ही जरा मागं.
मी चार पावलं मागं.
काचेतली सुई तरी उडायची.
आणखी चार.
मग म्हणाला, असं करा, दाराबाहेर उभे राहा,
दार उघडं ठेवतो.
तसा मी त्या रेकॉर्डवर आहे,
दाराबाहेरून,
शेजारी कुणाच्या तरी चपला.

माणशी पंचवीस रुपये.
तबकडीवर छापलं: लाझरस भालेराव आणि साथीदार.

सदर बाजारातल्या हॉटेलात
एका चहावर दोनदा वाजायची आमची बाजू.
सेलूला वन्स मोअर, अंबडला दगड,
गंगाखेडला पेट्रोमॅक्स विझली
आणि अंधारात आम्ही जे गायलो
ते पुन्हा कधी जमलं नाही,
उजेडात तर नाहीच.

लग्न झालं तव्हा गया म्हणाली,
तुमचं ते गाणं म्हणा की.
मी म्हटलं. म्हणजे माझं जेवढं होतं तेवढं.
धुम्म, धुम्म, धुबा, आणि मध्ये चार मात्रा गप्प.
ती ऐकत राहिली, मग विचारलं,
"हे गाणंय का? का विहिरीवरची मोटार सुरू होईना?"

मोडलो ते अकरा रुपयांवरून.
परभणीच्या कार्यक्रमाचे.
निवृत्ती म्हणायचा बशीरकडे, बशीर म्हणायचा लाझरसकडे,
आणि लाझरस पुण्याला निघून गेला होता.
माझ्याकडं कुणी बोट दाखवलं नाही.
हिशोबातही मी दाराबाहेर.
(अकरा रुपये माझ्याकडं होते.
परत द्यायचे म्हणून ठेवले. कामून दिले नाहीत,
आज सांगता येत नाही.)

पुढं प्रेस बंद पडली.
वॉचमनकी केली, शटरला पाठ टेकून
रात्री हळूच धुम्म म्हटलं की
अख्खं शटर साथ द्यायचं.
बशीर कावीळीनं गेला.
कब्रस्तानाच्या फाटकापाशी निवृत्ती दिसला,
आम्ही दोघं एकमेकांकडं नाही, वर पाहिलं,
जिथं त्याची तार असायची.

परवा नातवाला मोबाईलवर सापडलं,
कुणी तरी चढवून ठेवलंय.
खरखर, मग लाझरस, विशीतला,
मग बशीर, अजून न तुटलेला,
निवृत्तीचा दम लागलेलाही कळतो.
मी कान लावून बसलो.
मी नव्हतोच.
नातू म्हणाला, आबा, एवढ्याशा छिद्रातनं
खालचं येत नाही, त्याला मोठा डबा लागतो.

त्यानं पुन्हा लावलं.
दुसऱ्या कडव्याला माझी जागा आली,
रिकामी, झाडून ठेवल्यासारखी.
दात नाहीत, पण त्या आवाजाला दात लागत नाहीत.
धुम्म, मी म्हटलं. धुम्म. धुबा.

"आबा," नातू म्हणाला,
"मध्ये मध्ये बोलू नका ना,
ऐकू द्या."