अकरा तांबडे

निवृत्त झालो तेव्हा कचेरीतून
आलेखाच्या कागदाची अर्धी रीम घरी आली.
कुणी विचारलं नाही.
सदतीस वर्षं केपे तालुक्यातले बांध
त्याच कागदावर ओढले होते,
लोकांच्या भांडणांना शाई पुरवली होती.

मग आग्नेल सुताराने फणसाच्या लाकडाचा
टेबलावर मावेल एवढा माग करून दिला.
चार वया, चार दांड्या, फणी बेळगावहून मागवलेली.
म्हणाला, "पेटीसारखा वाजेल.
सूर तुमचा तुम्ही बघा."

व्हरांड्याच्या दोन खांबांमध्ये येरझाऱ्या घालत
ताणा काढायला शिकलो.
दोनशे चाळीस धागे, आणि मधोमध फुली.
फुली सुटली की धाग्यांना
आपला शेजारी कोण ते आठवत नाही.
एवढं मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

हात मात्र जुन्याच नोकरीचा.
धोटा पलीकडे गेला की बाणा ताठ ओढायचो,
पट्टी लावल्यासारखा,
आणि वीतभर विणून पाहावं तर दोन्ही काठ
आत गेलेले, उपाशी पोटासारखे.
बाण्याला चढ हवा.
टेकडी चढून उतरावी तसा सैल टाकायचा,
मग फणी ठोकायची.
नकाशात न दिसणारी ती जास्तीची लांबी
एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून
जाण्यातच खर्च होते.

बोमी वेळीप आपलं कापड दाखवायला आली,
तांदळाच्या पिशवीत घडी घालून.
तांबडी चौकडी,
खांद्यावरच्या गाठीच्या जागी विरलेली.
मी सुईच्या टोकाने आडवे धागे मोजू लागलो:
बारा तांबडे, दोन पांढरे,
बारा तांबडे, दोन पांढरे,
अकरा.
पुन्हा मोजले. अकराच.
"इथे एक धागा कमी आहे."
"असेल," बोमी म्हणाली.
"प्यायला पाणी आहे का तुझ्याकडे?"

कागदावर मी बाराच लिहिले.
विणलं. न्हाणीघराची फरशी झाली.
उसवलं. उसवायला विणण्याएवढाच वेळ लागतो,
फक्त शेवटी दाखवायला काही नसतं.
मग अकरा लिहिले, त्याच जागी, मोजून.
तेही विणलं.
पण दुसऱ्याची चूक मोजून केली
की ती चूक राहत नाही,
खरी नक्कल होते,
खाली सही-शिक्का तेवढा बाकी.

तिसऱ्या खेपेला कागद कपाटात टाकला
आणि तोंडाने मोजत बसलो.
कुठल्यातरी दुपारी, आठव्या तांबड्यावर,
फोन वाजला. कचेरी.
एका नकाशाची नळी सापडत नव्हती.
सांगितलं: खिडकीकडचं कपाट, वरचा कप्पा, अगदी मागे.
नाही, त्याच्याही मागे.
परत येऊन धोटा उचलला.

बोमी आली ती कापड परत न्यायला.
माझ्या विणीवरून तिचा अंगठा फिरत गेला,
बाजारात मिरची पारखावी तसा,
आणि एका जागी थांबला.
"इथे कोण आलं होतं?"

मी वाकून मोजले. तेरा.
"फोन होता. कचेरीतून."

"एवढंच?" ती म्हणाली,
आणि अंगठा पुढे सरकला.