परतीची वाट

उद्यमनगरात, मगदूम फौंड्रीच्या मधोमध
एक भिंत आहे. दार नसलेली.
अलीकडे थोरले, भूपालआण्णा: भट्टी, वाळूचा ढीग, काळे पाय.
पलीकडे धाकटे, जिनदत्त: चार सीएनसी आणि थंडगार केबिन.
कास्टिंग ट्रॉलीतून रस्त्यानं वळसा घालून जातं,
बोलणं तेवढंही जात नाही.

आता पुण्याचं गिऱ्हाईक अडून बसलंय:
प्रत्येक नगाचा हीट नंबर पलीकडच्या पडद्यावर दिसला पाहिजे.
म्हणून मला बोलावणं.
पाण्याच्या पाइपाशेजारच्या भोकातून
मी निळी वायर ओढली, हाताला गंज लागला.

"वायर जोडली म्हंजे झालं न्हवं, शिकलगारबाई?"
नाही आण्णा.
तुमचं नेटवर्क दहाचं, त्यांचं वीसचं.
वीसकडं जायचं तर कुठल्या दारातनं,
हे राउटरला लिहून द्यावं लागतं. हातानं.
लिहिलं. एकच ओळ.
पिंग मारलं.
उत्तर नाही.
चारदा नाही.

आण्णा काही बोलले नाहीत.
उत्तर न येण्याची त्यांना सवय असावी.

मी रस्त्यानं पलीकडे गेले, चहाच्या गाड्यावरून,
वेल्डिंगच्या ठिणग्या चुकवत, सहा मिनिटं.
बघते तर हाका सगळ्या पोचलेल्या.
मशीन प्रत्येकीला ओ देत होतं,
पण दहाचा पत्ता कुणी सांगितलेलाच नव्हता,
म्हणून प्रत्येक ओ
रस्त्याकडच्या दारातून बाहेर पडत होती,
आणि बाहेर तिला कुणी ओळखत नव्हतं.

"इथंही एक ओळ लागेल," मी म्हटलं. "परतीची."
जिनदत्तनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला.
पासवर्ड टाकताना मी खिडकीकडे तोंड केलं.
खिडकीतून भट्टीची चिमणी दिसते,
त्यांनी टेबल मात्र पाठमोरं मांडलंय.
दोन बोटांनी, सावकाश, टाकला त्यांनी.
"आण्णा काय म्हणाला?"
"वायरीचं विचारत होते."
"हं."

मग उत्तर आलं.
एक मिलिसेकंदाच्या आत.

परत जाऊन आण्णांना सांगितलं:
हा रूट स्थिर असतो. आपणहून काही शिकत नाही.
पलीकडचा राउटर बंद पडला
तरी हा त्याच दिशेला बोट करून उभा राहील,
कुणीतरी येऊन खोडेपर्यंत.
आण्णांनी तंबाखू मळली.
"बरं हाय की मग. शिकलेली लै बघितली."

बिलं दोन केली, निम्मी-निम्मी.
पलीकडच्याचं किती झालं, हे दोघांनीही विचारलं.
निघताना आठवलं, सेव्ह करायचं राहिलंय;
सोमवारी लाइट गेली की
दोघंही विसरून बसतील.
अलीकडचं केलं.
मग पुन्हा रस्त्यानं, चहाच्या गाड्यावरून,
पलीकडचं.